जुनी मर्सिडीज की नवी फॅमिली एसयूव्ही? साताऱ्यात राहून दोन्ही कशा ताडून बघायच्या

नवीन एसयूव्ही बुक करायला निघालेल्या माणसाला मधेच कुठंतरी नव्वदच्या दशकातली मर्सिडीज विकायला आलेली दिसते, किंमत बघतो तर एसयूव्हीच्या डाउन पेमेंटच्या आसपास, आणि मग डोक्यात किडा वळवळायला लागतो. रात्री झोप येत नाही, घरच्यांना फोटो दाखवून होतात, मित्रांपैकी अर्धे म्हणतात घे आणि अर्धे म्हणतात वेड लागलंय का. हा लेख अशा पहिल्यांदाच विचार करणाऱ्यांसाठी आहे. मला दोन्ही प्रकारच्या गाड्या मनापासून आवडतात, त्यामुळं इथं कुणाची बाजू घ्यायची नाहीये, फक्त तुलना करायची तर ती ब्रोशर आणि व्हिडिओ बघून होत नाही, एकाच रस्त्यावर, त्याच माणसांना बसवून, त्याच वहीत हिशोब मांडून करावी लागते, एवढंच माझं म्हणणं आहे आणि ते कसं करायचं ते क्रमानं सांगतो.

उदाहरणाला दोन गाड्या पकडू. जुनीकडनं डब्ल्यू१२४, म्हणजे ती चौकोनी चेहऱ्याची ई-क्लास. जगात ती १९८४-८५ पासून होती, आपल्याकडं मर्सिडीजनं टेल्कोबरोबर (म्हणजे आताची टाटा मोटर्स) भागीदारी करून १९९५ पासून पुण्यात बनवायला सुरुवात केली, म्हणून आजही पुणे-सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ती अधूनमधून विकायला येते. नवीकडनं महिंद्राची एक्सयूव्ही७००, जी २०२१ला आली. तुमच्या डोक्यात सफारी असेल, क्रेटा असेल, किंवा जुनीत कॉन्टेसा असेल तरी पद्धत हीच.

पहिलं काम: गाडी कशासाठी हवी ते ठरवा

हे सगळे म्हणतात आणि करत कुणीच नाही. वही घ्या आणि मागच्या महिन्यात घरातली गाडी कुठं कुठं गेली ते लिहा. पोरांची शाळा, एमआयडीसीतली नोकरी, आईला दवाखान्यात, शनिवारी भाजी, लग्नसराईत कराड, महिन्यातून एकदा पुणे. त्यातल्या किती कामांना "गाडी आज चालू झाली नाही" हे चाललं असतं त्याच्यापुढं खूण करा. खुणा कमी निघाल्या आणि घरात दुसरी गाडी नसेल तर सरळ एसयूव्ही घ्या, मी तर म्हणेन पुढचं जुन्या गाडीचं वाचायचं ते फक्त आवडीनं वाचा. तीस वर्षांच्या गाडीचा एखादा पार्ट बिघडला तर तो साताऱ्यात काउंटरवर मिळत नाही, पुण्या-मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं यायची वाट बघावी लागते आणि तेवढे दिवस गाडी उभी. घरात आधीच एखादी भरवशाची छोटी गाडी आहे, जुनीला झाकलेली जागा आहे आणि रोजच्या कामाचा ताण तिच्यावर नाही, अशा घरात मात्र डब्ल्यू१२४ खरंच सुख देते.

दुसरं: टेप घेऊन गल्लीत जा

इथं बऱ्याच जणांचा अंदाज चुकतो. जुनी मर्सिडीज म्हणजे लांबलचक, मोठी, आपल्या पेठेत शिरायची नाही असं वाटतं. आकडे बघा. डब्ल्यू१२४ची लांबी साधारण ४,७४० मिलिमीटर, एक्सयूव्हीची ४,६९५, म्हणजे फरक जेमतेम चार-पाच सेंटिमीटर. पण रुंदी? मर्सिडीज १,७४० आणि एसयूव्ही १,८९०. पंधरा सेंटिमीटरनं नवी गाडी रुंद आहे आणि आरसे धरले नाहीत अजून. शनिवार पेठेत किंवा मंगळवार पेठेत एका बाजूला मोटरसायकली लावलेल्या असताना समोरून टेम्पो आला की ही वीतभर जागा म्हणजे सगळं असतं. जुनीच्या खिडक्यांचे खांबही बारीक, बॉनेटच्या टोकाला मर्सिडीजचा तारा, त्यामुळं गाडीचं टोक कुठं संपतं ते बसल्या जागी कळतं, एसयूव्हीत ते कॅमेऱ्यावर बघावं लागतं.

म्हणून गेटची रुंदी मोजा, गल्लीतली सगळ्यात अरुंद जागा मोजा, पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर दोन्हीकडं दार उघडायला किती उरतं ते मोजा. आणि उंचीही बघा, एसयूव्ही पावणेदोन मीटरच्या वर आहे, जुन्या वाड्याच्या दिंडीतून किंवा खाली उतरलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती घालायची असेल तर आधीच बघितलेलं बरं.

तिसरं: जुनी गाडी थंड असताना बघायला जा

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा की मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा, गरम लागलं तर विचारा का. थंड इंजिन पहिल्या सेल्फला किती वेळ घेतं, मागनं निळा धूर येतो का, पांढरा धूर येऊन थांबतो की येतच राहतो, हे सगळं पहिल्या दोन मिनिटांत कळतं आणि गरम गाडीवर अजिबात कळत नाही.

इंजिनाच्या आधी पत्रा. ह्या वयाच्या मर्सिडीजचं इंजिन दुरुस्त होतं, कुजलेला पत्रा परवडत नाही. सातारच्या पावसात, त्यातून मेढा-बामणोली साइडला राहिलेली गाडी असेल तर जास्तच बघा. डब्ल्यू१२४च्या दारांखालच्या पट्टीत जॅक लावायच्या चार जागा असतात, त्यावर प्लास्टिकची टोपणं असतात. विकणाऱ्याची परवानगी घेऊन चारही टोपणं हळूच काढा, आत मोबाईलचा टॉर्च मारा आणि बोट घालून बघा. पत्रा टणक लागला तर छान, बोटाला पापुद्रे लागले किंवा लालसर भुगा खाली पडला तर त्या गाडीचा खालचा भाग कापून नवा पत्रा लावायचा खर्च मनात धरा. नंतर बॅटरीखालचा ट्रे, पुढच्या मडगार्डच्या कडा, मागच्या काचेचा खालचा कोपरा, आणि डिक्कीत स्टेपनी काढून तिच्या खालचा खड्डा. १९८९ नंतरच्या गाड्यांना दारांखाली रुंद प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत, त्यांच्यामागं गंज मस्त लपून बसतो. फ्रिजवरचा छोटा मॅग्नेट फडक्यात गुंडाळून बॉडीवर फिरवा, जिथं धरत नाही तिथं पुटी भरलेली आहे.

गाडी सांगली-मिरज-इस्लामपूर भागातली असेल तर (नवी-जुनी कुठलीही, एसयूव्ही सेकंड हँड घेत असाल तरी) पुराचं बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे, २०२१च्या जुलैत परत पूर आला. अशा पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीट बेल्ट टोकापर्यंत पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसली तर ती कुठल्याही पॉलिशनं जात नाही. सीटखालचे लोखंडी रूळ, कार्पेट उचलून खालचा फोम, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ, ह्यातलं काहीही आढळलं तर चहा घ्या आणि परत या.

आता बॉनेट. ह्या गाडीचं बॉनेट पुढं सरळ उभं, नव्वद अंशात उघडतं, त्यामुळं मिस्त्रीला चारही बाजूनं हात घालता येतो, असं आता नव्या गाड्यांत सहसा बघायला मिळत नाही. बॉनेट उभं केल्यावर वायरिंगकडं बघा. साधारण १९९२ ते १९९५ च्या काळात बनलेल्या मर्सिडीजच्या इंजिन वायरिंगचं वरचं कव्हर उष्णतेनं वाळून भुगा होतं, हा त्या गाड्यांचा जगभर माहीत असलेला दोष आहे. कनेक्टरजवळची वायर दोन बोटात धरून अलगद वाकवा. तडा गेला, आतली तांब्याची तार दिसली, की पूर्ण हार्नेस, म्हणजे इंजिनाच्या वायरिंगचा अख्खा जुडगा, बदलायचा आहे हे धरून चाला. पेट्रोल गाड्यांना हा त्रास जास्त, जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेलला वायरिंगच कमी त्यामुळं त्रासही कमी.

पेट्रोलवाली घेत असाल तर अजून एक. आता पंपावर सगळीकडं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि ते इथेनॉल आपल्याच जिल्ह्यांतल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत बनतं, चांगलीच गोष्ट आहे, पण १९९५ची रबरी पाइप आणि सील त्या हिशोबानं बनवलेली नाहीत. इथेनॉल पाणी ओढून घेतं, गाडी महिनोन्महिने उभी राहिली की टाकीत त्रास सुरू. म्हणून फ्युएल लाइनची सगळी रबरं नवीन, इथेनॉल चालणारी बसवायची, टाकी भरून गाडी तशीच उभी ठेवायची नाही, आणि बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी चालवूनही बघायची नाही.

जाता जाता सेंट्रल लॉक, एसी, खिडक्यांच्या काचा, सगळी बटणं दाबून बघा. ह्या गाडीचं लॉक व्हॅक्यूमवर चालतं, एका दाराचा पाइप फुटला की चारही दारं रुसतात.

चौथं: एसयूव्ही बघताना

इथं सोपं आहे, गाडी नवी, वॉरंटी आहे, सेल्समन सगळं दाखवतो. तीनच गोष्टी सांगतो. एक, तिसरी रांग उघडी ठेवून डिक्कीत घरची बॅग ठेवून बघा, सात माणसं आणि सात माणसांचं सामान एकदम जात नाही. दोन, शोरूममध्ये दाखवतात ते टॉप मॉडेल असतं, तुम्ही घेणार त्या व्हेरिअंटमध्ये किती एअरबॅग आणि काय काय आहे ते छापील यादीवर टिक करून घ्या. तीन, डिझेल घेणार असाल तर स्वतःचं रनिंग बघा. २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांतल्या) डिझेलला सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग वेगात पळावी लागते. राजवाडा ते पोवई नाका ते घर एवढंच रोजचं असेल तर फिल्टर भरून डॅशबोर्डवर दिवा येणार आणि सर्व्हिस सेंटरच्या चकरा सुरू होणार. हायवेला आठवड्यातून एकदा तरी कराडपर्यंत जाऊन येणं होत असेल तर डिझेल खुशाल घ्या, नाहीतर पेट्रोल.

पाचवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर चालवा

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे सर्व्हिस रोडला जाऊन यू-टर्न. ती मान्य करू नका, आधी फोन करून वेळ मागून घ्या. साताऱ्यात रस्ता मी असा सुचवेन: पोवई नाक्यावरून राजपथानं राजवाडा, तिथून पेठेतल्या एखाद्या अरुंद बोळातून बाहेर, मग यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्याला थोडं पुढं, परत उतरून हायवेला आनेवाडी टोलनाक्याच्या दिशेनं. सांगलीकरांनी विश्रामबागहून मिरजेची गर्दी, मग पेठ नाक्यावरून हायवे धरावा, चढ बघायचा तर तेवढ्यासाठी वेगळा वेळ काढावा लागेल. दुपारी जा, एसी चालू ठेवून जा, आणि घरची माणसं घेऊन जा. एकट्यानं चालवून घेतलेला निर्णय फक्त ड्रायव्हरचा असतो.

आईवडिलांना आधी बसू-उतरू द्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जुन्या मर्सिडीजमध्ये खाली बसावं लागतं आणि उठताना त्रास होतो, एसयूव्हीत उलट चढावं लागतं, पाय उचलावा लागतो. काहींना हे जमतं काहींना ते, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, त्यांनी स्वतः दोनदा बसून-उतरूनच कळतं. पोरांना मागं बसवा आणि घाटात उलटीसारखं होतं का विचारा. उंच गाडी वळणावर डुलते, आणि त्यातून तिसऱ्या रांगेत बसलेल्याला जास्त जाणवतं.

यवतेश्वरच्या चढाला दोन्ही गाड्यांचा स्वभाव उघडा पडतो. एक्सयूव्हीच्या पेट्रोल इंजिनाची ताकद २०० हॉर्सपॉवरच्या आसपास, जुन्या ई-२२०ची (डब्ल्यू१२४चं पेट्रोल मॉडेल) १५०, पण जुनीचं वजन बरंच कमी, साधारण १,४०० किलो, त्यामुळं चढाला ती समजता तेवढी मागं पडत नाही. टर्बोवाली नवी गाडी ॲक्सिलरेटर दाबला की झेपावते, जुनी निवांत, एका लयीत चढते आणि आत आवाज येत नाही. उतरताना मागच्या बाजूला लक्ष द्या. डब्ल्यू१२४च्या मागच्या प्रत्येक चाकाला पाच वेगवेगळ्या दांड्या आहेत, त्यांचे बुश (सांध्यांतली रबरं) चांगले असतील तर खराब रस्त्यावरसुद्धा गाडी अशी बसून जाते की बसलेल्याच्या हातातला चहा सांडत नाही. बुश गेले असतील तर प्रत्येक स्पीडब्रेकरला मागनं कटकट ऐकू येते आणि गाडी वळणावर शेपटी हलवल्यासारखी करते. जुनीचं स्टिअरिंग मधोमध किंचित सैल वाटतं, ते त्या बनावटीचंच आहे, त्याला घाबरू नका. दोन बोटांपेक्षा जास्त फिरवूनही चाक हलत नसेल तर मात्र काम आहे.

चढाला डॅशबोर्डवरचे दोन काटे सोडू नका. टेंपरेचरचा काटा एरवी ८० ते ९० मध्ये असावा, चढाला एसीसकट १०० च्या आसपास गेला आणि सपाटीला खाली आला तर ठीक, तिथंच चिकटून राहिला किंवा वर वर जात राहिला तर रेडिएटर, फॅन किंवा हेड गॅस्केट, काहीतरी आहे. दुसरा ऑइल प्रेशरचा. गरम इंजिन न्यूट्रलला असताना तो थोडा खाली येतो, पण ॲक्सिलरेटरला पाय लावला की झटकन ३ वर टेकला पाहिजे. आळस करत वर जाणारा काटा म्हणजे इंजिन उघडायची तयारी. नव्या गाड्यांत असे काटे जवळजवळ गेलेच, म्हणून हे वाचायची सवय नसते, पण जुन्या गाडीत हेच दोन काटे तुमचे डॉक्टर.

हायवेला आल्यावर शंभरच्या खाली स्थिर वेगात दोन्हीत तुमच्या नेहमीच्या आवाजात मागच्या माणसाशी बोलून बघा. इथं जुनी तुम्हाला चकित करेल. आणि नव्या गाडीतलं ॲडास, म्हणजे लेन सोडली की स्टिअरिंग ओढणारं, पुढं गाडी आली की ब्रेक लावणारं, ते चालू करून बघा. हायवेला ते उपयोगी आहे, पण कॅमेरा आणि रडारवर चालणारी ती गोष्ट कासच्या धुक्यात आणि जुलैच्या पावसात दगा देऊ शकते, तेव्हा तिथं पाय ब्रेकवरच असू द्या.

सुरक्षेबद्दल सरळ बोलतो

जुनी मर्सिडीज तिच्या काळात फार मजबूत गाडी होती, यात वाद नाही. दार लावताना जो ठप्प आवाज येतो त्यावरून लोक म्हणतात हिला काय होतंय. पण एक्सयूव्ही७००ला २०२१ला ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे मिळाले, नव्या सफारीला २०२३ला दोन्हीसाठी पाच. ह्या गाड्यांत लहान मुलाची सीट पक्की अडकवायला आयसोफिक्सचे हूक असतात, गाडी घसरली की सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मिळते. डब्ल्यू१२४मध्ये आयसोफिक्स नाहीच, एबीएस आणि एअरबॅग गाडीगणिक बघावे लागतात. रोज लहान पोरं घेऊन हायवेला जायचं असेल तर माझ्या मते हा प्रश्न इथंच संपतो, एसयूव्ही घ्या. जुनी घेतलीच तर ब्रेकचे होज, डिस्क, टायर आणि मागचे बेल्ट ह्यांच्यावर पहिला पैसा घाला, रंग आणि अलॉय नंतर.

पैशाचा हिशोब पाच वर्षांचा मांडा

खरेदीची किंमत शेजारी शेजारी लिहून काही कळत नाही. एसयूव्हीच्या रकान्यात ऑन-रोड किंमत लिहा. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोलला १२ टक्के आणि डिझेलला १४ टक्के रोड टॅक्स आहे, २० लाखांच्या वर गेलात तर अजून एक टक्का जास्त, त्यामुळं एक्स-शोरूमवर जाऊ नका. मग हप्त्याचं व्याज, इन्शुरन्स, सर्व्हिस, आणि पाच वर्षांनी विकताना किती येतील त्याचा कमीच धरलेला आकडा.

जुनीच्या रकान्यात खरेदी, आणि लगेच खाली "पहिल्या वर्षाचं काम". माझा सल्ला, खरेदीच्या निम्मी तरी रक्कम ह्या ओळीत बाजूला काढून ठेवायची: बुश, रबरं, कूलिंग, एसी, टायर. टायरची एक चांगली गोष्ट आहे, ई-२२०ला १९५/६५ आर१५ साइज लागते जी कुठल्याही टायरवाल्याकडं मिळते, मोठ्या एसयूव्हीच्या टॉप मॉडेलचे १८ इंची टायर बदलायची वेळ येते तेव्हा फरक कळतो. जुनीची किंमत आधीच घसरून झालीय, नीट ठेवली तर पाच वर्षांनी फारसं नुकसान होत नाही. पण तिचा वर्षाचा खर्च ठरलेला नसतो, एखादं वर्ष काहीच नाही आणि एखाद्या वर्षी एकदम सगळं, आणि तेव्हा हातात पैसे नसतील तर गाडी शेडमध्ये उभी राहून खराब होते. साताऱ्या-सांगलीत अशा उभ्या गाड्या बघून जीव तुटतो.

शेवटी कागद

पंधरा वर्षं झाल्यावर खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी वाढवावं लागतं, आरटीओला गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून. २०२५च्या ऑगस्टपासून वीस वर्षांपेक्षा जुन्या कारला त्याची फी १०,००० रुपये आहे आणि बाहेरच्या देशातून आयात केलेल्या कारला ८०,०००. म्हणून पुण्यात बनलेली आहे की इम्पोर्टेड, हे आरसीवर बघूनच भाव करा, अंगणात दोन्ही सारख्याच दिसतात. लोक म्हणतात व्हिंटेजमध्ये पासिंग करू, ते होत नाही, त्याला पन्नास वर्षं पूर्ण लागतात आणि मग ती रोज वापरताही येत नाही.

आरसीची मुदत, इन्शुरन्स, थकलेली चलनं, बँकेचा बोजा, हे एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून स्वतः बघा, विकणाऱ्यानं पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर भागवू नका. गाडी दिल्लीकडची असेल तर डबल बघा, तिकडं जुन्या गाड्यांचे नियम कडक असल्यानं त्या इकडं स्वस्तात येतात, एनओसी आहे का आणि रजिस्ट्रेशन रद्द तर झालेलं नाही ना ते कळल्याशिवाय टोकन देऊ नका, शिवाय इथला टॅक्स वेगळा भरावा लागतो. एमएच-११, एमएच-१० किंवा कराडची एमएच-५० असेल तर निम्मं काम सोपं.

सौदा ठरला की गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, इन्शुरन्स तुमच्या नावावर, आणि एप्रिल २०१९च्या आधीची गाडी असल्यानं नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. पैसे बँकेतूनच द्या आणि थोडी रक्कम ट्रान्सफर होईपर्यंत राखून ठेवायचं आधीच बोलून घ्या. गाडी घरी आणायच्या दिवशी मिस्त्रीला बरोबर न्या, वाटेत कूलंट आणि एक लिटर ऑइल डिक्कीत असू द्या, आणि खंबाटकी चढायची असेल तर सकाळी लवकर निघा.